मावशीच्या नंबरावर जाऊबाईचा फोटो

माझ्या मायला अक्षरओळख नाही, पण त्याचं तिला काडीचंही दुःख नाही. एसटीचा बोर्ड ती कंडक्टरच्या तोंडावरून वाचते, औषधाची बाटली झाकणावरून ओळखते, आणि चुकली तर चूक बाटलीची असते. असा बाणा असलेल्या बाईच्या हातात फोन आला की काय होतं, हे मी जवळून पाहिलं आहे.

तिचा पहिला फोन बटनांचा होता. त्यातलं एक बटन दाबून धरलं की थेट मावशीला फोन लागे. ही मावशी नात्यातली नव्हे, मायची बालमैत्रीण. दोघींचं माहेर एक, गल्ली एक, कापूस वेचायला जायच्या त्या कपाशीच्या ओळीही शेजारशेजारच्या. लग्नं झाली आणि जिल्ह्याच्या एका बाजूला आर्णीजवळ माय पडली, दुसऱ्या बाजूला मुकुटबनजवळ मावशी. मध्ये यवतमाळ आणि वणी, दोन्हीकडे गाडी बदला. भेटायचं म्हणजे अख्खा दिवस एसटीत घालवायचा. म्हणून त्यांचं सगळं मैत्र त्या एका बटनावर चालायचं.

त्याची रीत ठरलेली होती. दिवेलागणीला मावशी रिंग देई. तिकडच्या फोनमध्ये बॅलन्स कधी नसायचाच, म्हणून माय लगेच फोन कापी. कापला याचा अर्थ ‘थांब, मी लावते’. मग चुलीवरचं खाली उतरवून, पदराला हात पुसून, ओट्यावर नीट मांडी घालून ती बटन दाबून धरी. त्या काळी आमच्याकडे सगळ्यांचंच हे असं होतं. फोन कापणं म्हणजे अपमान, हे मला यवतमाळला कामाला लागल्यावर एका मॅडमनी समजावून सांगितलं.

बोलायच्या काय? काही नाही. ‘काय रांधलं’, ‘वाल आले का’, ‘कंबर कशी हाये’. माझे बाबा वावरातून आले की खाटेवर पडल्या पडल्या म्हणायचे, “या दोघींनी आजपर्यंत एक तरी कामाची गोष्ट बोलली का?” माय म्हणे, “कामाचं बोलाले तुम्ही हा ना.” मला त्या बोलण्याची इतकी सवय होती की यवतमाळच्या खोलीवर संध्याकाळी काहीतरी कमी पडल्यासारखं वाटे, आणि काय ते कळत नसे.

मावशीचं घर एकत्र होतं आणि फोन घरात एकच, तोही तिच्या मोठ्या जावेच्या ताब्यात. ही जाऊबाई म्हणजे तोंडाची फटकळ. मावशीच्या मुलीच्या लग्नात माय मावशीला चिकटून बसली होती, तेव्हा चार बायांत जाऊबाई बोलून गेली, “हे बाई पाहुणी हाये का घरची, काही समजूनच नाही राह्यलं. घरची असन तं भांडे घासू लागन, पाहुणी असन तं जेवून उठन.” बायका हसल्या. माय उठली, मोरीवर गेली, लग्नाची सगळी भांडी एकटीनं घासली आणि न जेवता गाडीत बसली. वणीला म्हणाली, “त्या बाईचं तोंड पाह्यणार नाही मी आता.” माझ्या मायनं एकदा असं म्हटलं की ते दगडावर कोरलं असं समजायचं.

पुढं बटनांचा फोन विहिरीत पडला. कसा पडला हे विचारायची सोय नव्हती, फोनचीच चूक होती. मी नवा घेतला होता, म्हणून माझा जुना, काचेवर बोट फिरवायचा फोन मायला दिला. आता बटन नव्हतं. नावं वाचता येत नव्हती. मग मी एका रविवारी बसून प्रत्येक नंबराला फोटो लावून दिला. गोल चौकटीत चेहरा दिसला की बोट ठेवायचं, फोन लागतो. मायला हे फार आवडलं. पण कुणाचा कोणता फोटो लावायचा हे तिनं ठरवलं. डॉक्टरांच्या नंबराला त्यांची स्कूटर, कारण “डाक्टर टोपी घालते तं वळखू नाही येत.” पिठाच्या चक्कीला चक्कीचं दार. मला लावला तो माझा शाळेतला, दोन वेण्यांचा. आणि मावशीला लग्नातला. तोंडावर हात धरून हसणारी मावशी, आणि कडेला मायचा अर्धा खांदा. मी खांदा कापायला निघाले तर म्हणाली, “राहू दे, माह्याच तं हाये.”

तो बोंडअळीचा हंगाम होता. कापसाचे भाव पडण्याची आम्हाला सवय होती, पावसानं दगा देण्याचीही होती. पण त्या वर्षी बोंड बाहेरून हिरवंगार दिसे आणि फोडलं की आत कवडी झालेला किडका कापूस आणि गुलाबी अळी. दिवाळीनंतर लोकांनी कपाशीच्या उभ्या पऱ्हाटीत ढोरं सोडली. मी यवतमाळला कचेरीसमोर ऑनलाइन अर्ज भरायच्या दुकानात काम करायचे, तिथं दिवसभर अळीच्या नुकसानीचेच अर्ज. रविवारी घरी यायचे तेव्हा डोळ्यांपुढे नुसते अर्जातले चौकोन नाचत.

अशाच एका रविवारी माझ्या लक्षात आलं की दिवेलागण होऊन गेली, स्वयंपाक झाला, आणि ओट्यावर कुणी बसलं नाही.

“मावशीचा फोन नाही आला?” मी विचारलं.

“नाही येत आता,” माय भाकर थापत म्हणाली. “कधीचा नाही येत.”

“मग तू लाव ना.”

“कसा लावू? फोटोच नाही तिचा.”

मी फोन हातात घेतला. मावशी जिथं होती तिथं गोल चौकटीत तिची जाऊबाई उभी होती. डोळ्यांवर काळा गॉगल, मागे प्लास्टिकच्या फुलांचा पडदा, आणि कपाळावर आठी.

“हे कुठून आली?” मी विचारलं.

“तेच तं म्हणून राह्यली मी! रोज संध्याकाळी हेच थोबाड येते. मी कापून टाकतो. तिच्यापाशी माह्यं काय काम हाये? मैतरीनीचा फोन हिसकून घेतला असन अन् आता माह्या जिवाले खाऊन राह्यली.”

मी समजावलं की नंबर तोच आहे, फोन तोच आहे, फक्त फोटो बदलला आहे. याच चेहऱ्यावर बोट ठेव, मावशीलाच लागेल. माय म्हणाली, “तिच्या थोबाडावर बोट ठेवून मी फोन नाही लावणार.” मी लावते म्हटलं तर माझ्या हातून फोन काढून घेतला. “तुनं लावायचा नाही. तिले गरज असन तं ते लावन. लहानपणची मैतरीन हाये, तिले माह्यी आठवण येत नाही का?” हे बोलून तिनं ती भाकर करपेपर्यंत भाजली.

तेव्हा मला कळलं की प्रकरण साधं नाही. फोटो दुरुस्त झाला नाही तर ही बाई मरेपर्यंत मावशीशी बोलणार नाही. आणि मावशीला का ते कळणारही नाही.

त्याच रात्री मी जाऊबाईचा फोटो काढून टाकला, लग्नातला पुन्हा लावला. मावशी आली, हसली, खांदाही आला. सोमवारी पहाटेच्या गाडीनं मी खूश होऊन यवतमाळला गेले. पुढच्या रविवारी येते तर पुन्हा जाऊबाई, गॉगल लावून.

मग माझी चिडचिड सुरू झाली. दुकानात दिवसभर लोकांचे फोटो अर्जाला चिकटवणारी मी, आणि घरच्या फोनमध्ये एक फोटो टिकवता येईना. मी फोन बंद करून चालू केला. नंबर पुसून नवा लिहिला. कुणीतरी सांगितलं, ॲपनं साठवून ठेवलेलं सगळं साफ कर, मग ते ताजं उचलतं. साफ केलं. ताजं उचललं नाहीच, उलट सगळ्यांचेच फोटो गेले. डॉक्टरांची स्कूटर गेली, चक्कीचं दार गेलं, माझ्या वेण्या गेल्या. सगळीकडे एकसारखी राखी डोकी, नाक नाही डोळे नाहीत. माय बघतच राहिली. “हे काय केलं व? सारा गाव एका माणसाचा करून टाकला!” रात्री उशिरापर्यंत मी एकेक फोटो पुन्हा लावत बसले आणि ती बाजूला बसून प्रत्येकाची खात्री करून घेत होती. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं ते चाललं होतं. पण पहाटे निघताना मावशी आपल्या जागेवर होती.

पुढच्या रविवारी पुन्हा जाऊबाई.

आता मला ती बाई फोनमध्ये राहायलाच आली आहे असं वाटायला लागलं. बाबा म्हणाले, “तिले भाडं मांग.” मायनं त्यांच्याकडे असं पाहिलं की ते वावरात निघून गेले.

उलगडा झाला तो आर्णीच्या बाजारात. त्या आठवड्यात मला सोमवारची सुटी मिळाली आणि मी मायबरोबर बाजाराला गेले. फोटो मी रात्रीच पुन्हा लावला होता; निघताना मुद्दाम फोन तपासला, मावशी होती. आमच्या घरात बोलण्यापुरती रेंज असते, पण नेट येत नाही. नेट लागतं ते आर्णीच्या अलीकडे, रिक्षा पुलावर चढली की. पुलावर फोन मायच्या पिशवीत टुणटुण वाजायला लागला. मी बाहेर काढला. माझ्या डोळ्यांदेखत मावशीचा चेहरा एकदा लुकलुकला आणि गॉगलवाली वर आली.

मी रिक्षातच ओरडले. शेजारच्या माणसाची कोंबडी बिथरली.

मग मात्र सगळं सरळ होतं. त्या फोनची तऱ्हा अशी होती की मी लावलेला फोटो तो आपल्या पोटात ठेवी, पण नेट आलं की मेसेजच्या ॲपला विचारी, या नंबरवाल्याचा फोटो तुझ्याकडे आहे का? आणि त्या ॲपवर जाऊबाईनं स्वतःचा डीपी ठेवला होता. फोन तिचा, ॲप तिचं, फोटो तिचा. आमचा फोन पाहुण्याचं ऐकून घरच्याला बाजूला सारी. घरी नेट नसल्यानं मला दुरुस्त झाल्यासारखं दिसे, आणि सोमवारी मी गेल्यावर माय बाजाराला किंवा रेशनला आर्णीला गेली की दिवेलागणीच्या आतच पिशवीतल्या पिशवीत सगळं उलटं होई. मी चहाच्या टपरीवर बसून मेसेजच्या ॲपला नंबरांकडे बघायचीच बंदी घातली, फोटो पुन्हा लावला, आणि नेट चालू ठेवून चहा संपेपर्यंत टक लावून पाहत राहिले. मावशी हलली नाही. मायला दाखवलं. तिनं ओल्या बोटानं काच पुसली आणि म्हणाली, “आली बाप्पा एकदाची.” मला इतका आनंद झाला की मी अजून एक चहा सांगितला.

त्या संध्याकाळी दिवेलागणीला फोन वाजला. मावशीचा हसरा चेहरा, कडेला मायचा खांदा. मायनं क्षणाचाही विचार न करता फोन कापला.

“अगं!” मी म्हटलं.

“लावतो ना,” ती म्हणाली. चुलीवरची भाजी उतरवली. पदराला हात पुसले. ओट्यावर जाऊन मांडी घातली आणि मावशीवर बोट ठेवलं. फोन ती कायम स्पीकरवर ठेवायची.

पहिल्याच रिंगला उचलला. आवाज मावशीचा नव्हता.

“जय भीम व बाई!” जाऊबाई गरजली. “लावला म्हणा एकदाचा! काय बाई हा तुम्ही? रोज मी हिले फोन लावून देतो, तुम्ही रोज कापता. कापला की हे म्हणते, आता ते लावन. ताट सोडून उठते. माह्या फोन मांडीवर घेऊन बसून राह्यते. मी म्हणतो, अव, नाही लावत ते, जेवून घे. तं मलेच रागावते. ‘तिनं कापला म्हंजे ते लावतेच,’ म्हणते. दिवाळीपासून हे बाई माह्या घरात थंडं जेवून राह्यली, समजलं का तुमाले?”

मी मायकडे पाहिलं. ती कापत होती रागानं, आणि तिकडे कापण्याचा अर्थ होता ‘थांब’. म्हणून तिकडे कुणीतरी थांबून राहिलं होतं.

मग फोनवर खरखर झाली आणि मावशीचा आवाज आला, जरा घोगरा.

“कापला तं लावत काहून नाही व?”

“फोन बिघडलता,” माय म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण फोनवर खापर फोडायला ती चुकली नाही. “पोरीनं आज दुरुस्त केला. कंबर कशी हाये?”

“कंबर हाये जागेवर. मी परवा जाऊन राह्यली.”

“कुठी?”

“लेकापाशी. आदिलाबादच्या तिकडं कामाले लागला ते. पऱ्हाटीत ढोरं सोडले आमी, इथं राहून करू काय? तेच सांगाले तं लावून राह्यली होती.”

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं आम्ही निघालो. यवतमाळला गाडी बदलली, वणीला बदलली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग. माय खिडकीशी बसून मांडीवरची पिशवी घट्ट धरून होती. पिशवीत मावशीसाठी वाळलेले वाल होते, कारण तिकडे लेकाकडे वाल मिळतात की नाही याची तिला शंका होती. वणी मागे पडल्यावर म्हणाली, “मी जर तिच्या थोबाडावर एकदा बोट ठेवलं असतं तं.”

मावशी दारातच उभी होती. दोघी एकमेकींच्या गळ्यात वगैरे पडल्या नाहीत. मायनं तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, “वाळली.” मावशी म्हणाली, “थंडं जेवून.” मग दोघी हसायला लागल्या. मावशीनं फोटोतल्यासारखा तोंडावर हात धरला.

जाऊबाईनं वाढलं. झुणका, भाकर, वर मिरचीचा ठेचा. तिनं मायकडे पाहिलं नाही, पण तिच्या ताटातली भाकर संपू दिली नाही. जेवण झालं तशी माय आपलं ताट घेऊन मोरीकडे निघाली.

“ठेवा ते,” जाऊबाई म्हणाली. “पाहुण्या हा तुम्ही.”

“मी घरची हाव,” माय म्हणाली.

जाऊबाई पदर खोचून मोरीवर मायशेजारी बसली. “सरका थोड्या,” म्हणाली, “मंग दोघी घासू.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशीला गाडीत बसवायला आम्ही मुकुटबनच्या स्टँडवर होतो. मायनं मावशीला बजावलं, “तिकडं गेल्यावर फोन कर.” मावशी म्हणाली, “कोनाच्या फोनवरून करू? लेक फोन घेऊन दिवसभर कामावर राह्यते. सिमही बदलून राह्यला सारखा.” माय म्हणाली, “कोनाच्याही.” गाडी हलली तेव्हा मावशीनं खिडकीतून हात बाहेर काढला होता, आणि कंडक्टर तो आत घ्यायला सांगत होता.

घरी आल्यावर मायनं फोन माझ्यापुढे ठेवला. “त्या नंबरावर जाऊबाईचा फोटो येऊ दे. फोन तिचा हाये.” मी मेसेजच्या ॲपवरची बंदी उठवली. आर्णीच्या पुलावर गॉगलवाली आपोआप परत आली. त्या चेहऱ्यावर बोट ठेवून माय आता आठवड्यातून एकदा तरी फोन लावते आणि मावशीची खबर विचारते. दोघी भांडतातही भरपूर.

“अन् मैतरीनीचा फोटो?” तिनं विचारलं होतं.

“तिला नंबरच नाही ना माय. कुठं लावू?”

“नंबर नसला तं काय झालं? ते तं हाये ना.”

म्हणून मी नंबराची जागा रिकामी सोडून फोटो तेवढा जतन केला. फोनची काही हरकत नव्हती. तेव्हापासून फोन बदलले, पण ती चौकट प्रत्येक नव्या फोनमध्ये मी नेते. त्यावर बोट ठेवलं तर काहीच होत नाही, हे मायला माहीत आहे. तरी कधीकधी ती ठेवते.

मावशीचा फोन येतो. कधी शेजारणीच्या, कधी दुकानदाराच्या, कधी कुण्या वाटसरूच्या फोनवरून. त्याचा नेम नाही. त्या नंबरांना फोटो नसतो, नुसतं राखी डोकं येतं. तसली राखी डोकी आपल्याला रोज छळतात, कुणी कर्ज देतो म्हणतं, कुणी बक्षीस. मी तर बघतही नाही. माय मात्र राखी डोकं आलं की फोन कापते, चुलीवरचं खाली उतरवते, पदराला हात पुसते, ओट्यावर मांडी घालते आणि उलट लावते. कंपन्यांच्या पोरी दचकतात. त्यांनी आयुष्यात कधी असा परत आलेला फोन घेतलेला नसतो. “बोल व,” माय म्हणते, आणि समोरून कुणी कर्जाचं सांगायला लागलं तर तिला कंबरेचं विचारून फोन ठेवते.

मी कितीदा सांगितलं, असं प्रत्येकाला लावत जाऊ नको. ती म्हणते, त्यातला एखादा तिचा असतो. नाही लावला तं ते थंडं जेवून राह्यन.